ऑनलाइन व्यवसायाची आयडिया कशी शोधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, पण काय ते ठरत नाही, अशा अर्थाचे प्रश्न सतत येत असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सुरुवातीचे, नंतर किचकट. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. डोकं खाजवून थकलो, एकही आयडिया सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

"काय विकू?" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी "कोण, कशामुळे, वरचेवर वैतागतं?" हे बघत राहा. कोऱ्या कागदासमोर बसून सुचतात त्या आयडिया बहुधा सगळ्यांना सुचलेल्याच असतात. तक्रारी मात्र तुमच्या ऊठबशीच्या जगातून येतात, आणि ते जग प्रत्येकाचं वेगळं असतं.

तक्रारी सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तुमचं स्वतःचं काम ही पहिली. एखाद्या व्यवसायातल्या लोकांचे ऑनलाइन गट ही दुसरी. तिसरी जागा बरेच जण विसरतात: चालू असलेल्या ॲपचे दोन आणि तीन तारे दिलेले अभिप्राय. एक तारा देणारा रागाच्या भरात लिहितो, पाच देणारा कौतुक करून मोकळा होतो. मधल्या माणसाला ती वस्तू हवी असते, पण त्याचं कुठेतरी अडलेलं असतं, आणि कुठे अडलंय हे तो सविस्तर सांगतो.

सगळ्यात मोलाची खूण म्हणजे जुगाड. एखाद्याने अडचणीवर स्वतःच स्प्रेडशीट रचली असेल, मोबाइलमध्ये पाच गजर लावले असतील किंवा पैसे देऊन माणूस ठेवला असेल, तर त्या अडचणीची किंमत तो आजही मोजतो आहे.

२. स्टार्टअप आणि साधा ऑनलाइन धंदा यांत फरक काय? मला नक्की कुठलं जमेल?

फरक वाढीचा आहे. ग्राहक दहापट झाले तरी माणसं आणि खर्च दहापट होऊ नयेत, अशी रचना असेल तर त्याला स्टार्टअप म्हणायचं. तिथवर पोचायला अनेकदा बाहेरचं भांडवल लागतं. डिझाइन, लेखन, शिकवणी, सल्ला या सेवा तुमच्या तासांना बांधलेल्या असतात. ऑनलाइन दुकानाचा जीव मालाच्या साठ्यात आणि परत येणाऱ्या मालात अडकलेला असतो. कोर्स किंवा टेम्प्लेट (तयार साचा) एकदा बनवून पुन्हा पुन्हा विकता येतं, पण विकण्याची खटपट संपत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच उतरणाऱ्याने सेवेपासून सुरुवात करावी. पैसे देणारा ग्राहक पहिल्या महिन्यातच समोर येतो, आणि त्याची कुरकुर ऐकण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पुढच्या उत्पादनाचा कच्चा माल त्या कुरकुरीत असतो.

३. तक्रारी लिहून ठेवा म्हणता, पण नेमकं काय लिहायचं?

चार गोष्टी: कोण, कधी, आत्ता काय करतो, त्यात किती वेळ किंवा पैसा जातो. एक नमुना बघा.

"समारंभाचे फोटो काढणारा फोटोग्राफर. प्रत्येक कामानंतर ग्राहकाला ८०० फोटो पाठवतो. अल्बमसाठी ग्राहक ६० निवडतो आणि फोटोंचे क्रमांक व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत कळवतो. 'त्या ४१२ च्या जागी ४१५ घ्या' असे बदल मध्येच येतात. फोटोग्राफर यादी हाताने उतरवून फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. एका कामामागे दोन-तीन तास, आणि एखादा फोटो चुकला तर अल्बम पुन्हा छापावा लागतो."

आता याच्या शेजारी "फोटोग्राफरसाठी ॲप" हे दोन शब्द ठेवून बघा. त्यांतून पुढे काहीच करता येत नाही. वरच्या नोंदीत ग्राहक कोण, दुखणं कुठे आणि चुकीची किंमत किती, हे सगळं आलंय. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की मगच ब्रेनस्टॉर्मिंगला, म्हणजे भराभर कल्पना काढायला, बसा.

४. ब्रेनस्टॉर्मिंग मित्रांबरोबर करावं की एकट्याने?

आधी एकट्याने, मग गटात.

ही पद्धत जाहिरात व्यवसायातल्या अलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९४० च्या दशकात रुजवली. त्यांचे नियम चार: टीका नंतर, कल्पना जितक्या जास्त तितकं बरं, विचित्र कल्पनांचंही स्वागत, आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली भर. नियम उत्तम आहेत. गटात बसल्याने मात्र जास्त सुचतं, हा समज टिकला नाही. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगात चौघांनी एकत्र बसून जेवढं काढलं, त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या एकत्रित यादीत निघाल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मोठं कारण दाखवलं. एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि थांबताना सुचलेलं निसटतं किंवा सुचणंच थांबतं.

म्हणून प्रत्येकाने वीस मिनिटं गप्प बसून लिहावं, मग कागद एकत्र करून वाचावेत, आणि चर्चा त्यानंतर. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याची आयडिया ठरते आणि बाकीचे माना डोलावतात.

५. स्कॅम्पर, माइंड मॅप (कल्पनांचा फांद्या-फांद्यांचा नकाशा) वगैरे पद्धती खरंच उपयोगी पडतात का?

हातात नोंद असेल तर पडतात, नसेल तर नुसतं गुऱ्हाळ होतं. स्कॅम्पर ही बॉब एबर्ल यांनी १९७१ मध्ये मांडलेली प्रश्नावली. एखादी गोष्ट बदला, जोडा, दुसरीकडून उचला, लहान-मोठी करा, वेगळ्या कामाला लावा, काढून टाका, उलटी करा, असे तिचे सात धक्के आहेत. फोटोग्राफरच्या नोंदीला (प्रश्न ३) "काढून टाका" लावलं, तर ग्राहकाने क्रमांक लिहिण्याची पायरीच उडते: फोटोवर टिचकी मारली की यादी तयार. "उलटं करा" म्हटलं, तर फोटोग्राफरनेच आधी शंभर निवडून पाठवायचे आणि ग्राहकाने नको ते वगळायचे. ही दुसरी मला जास्त आवडते. ८०० फोटो चाळण्याचा कंटाळा हीच मूळ अडचण असेल, तर तिला हीच भिडते.

६. एआयला विचारलं तर पन्नास आयडिया एका मिनिटात मिळतात. मग एवढी मेहनत कशाला?

तोच प्रश्न विचारणाऱ्या इतरांनाही साधारण त्याच पन्नास मिळतात. लघुकथालेखनावरच्या २०२४ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की एआयची मदत घेतलेल्या कथा एकेकट्या वाचताना सरस वाटल्या, पण एकमेकींसारख्या झाल्या. धंद्यात सारखेपणा महाग पडतो.

एआयकडून आयडिया मागण्यापेक्षा तुमची नोंद (प्रश्न ३) त्याला द्या आणि उलटतपासणी करवून घ्या. या माणसाला हे का आवडणार नाही? हे आधी कोणी केलं असेल? कोणती पायरी मी गृहीत धरली आहे? तिथे ते चांगलं चालतं. मात्र त्याने सांगितलेलं कंपनीचं नाव आणि आकडा स्वतः शोधून खात्री केल्याशिवाय वापरू नका.

७. माझी आयडिया आधीच कोणीतरी केलेली निघाली. सोडून देऊ?

नाही. गूगल १९९८ मध्ये आलं तेव्हा इंटरनेटवर शोध घ्यायला अल्टाव्हिस्टा होतं, याहू होतं. स्पर्धक असणं म्हणजे त्या कामाला पैसे देणारी माणसं आहेत.

विचारायचं ते वेगळंच आहे: ती सोय असूनही तुमचा माणूस ती का वापरत नाही? फोटो निवडायची साधनं बाजारात आधीपासून आहेत. फोटोग्राफरला (प्रश्न ३) त्याबद्दल विचारलं आणि तो म्हणाला, "ग्राहकाला नवीन खातं उघडायला सांगितलं की तो पुन्हा क्रमांकच पाठवतो", तर तुमची जागा तिथे आहे: खातं न उघडता, नुसत्या लिंकवर चालणारी निवड. "मला माहीतच नव्हतं असं काही मिळतं" असं उत्तर आलं, तर जरा थांबा. मग अडचण उत्पादनाची नसून ते लोकांपर्यंत पोचवण्याची आहे, आणि तुमचंही गाडं तिथेच अडणार.

८. आणि कोणीच करत नसेल तर? ती मोठी संधी ना?

कधीकधी. बहुतेक वेळा कोणीतरी करून पाहिलेलं असतं आणि बंद पडलेलं असतं, म्हणून दिसत नाही. बंद पडलेल्या सेवा मुद्दाम शोधा आणि त्या का बुडाल्या ते वाचा. वेबव्हॅन ही किराणा घरपोच देणारी अमेरिकी कंपनी स्वतःची भलीमोठी गोदामं उभारत सुटली आणि २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१२ मध्ये इन्स्टाकार्टने तेच काम गोदामांशिवाय, चालू दुकानांतून खरेदी करून देत सुरू केलं. तोवर लोकांच्या खिशात स्मार्टफोन आला होता. तेव्हा का जमलं नाही आणि आज काय बदललंय, या दोन प्रश्नांना ठोस उत्तर असेल तर जुनी बुडालेली आयडिया घ्यायला हरकत नाही. "आम्ही जास्त मेहनत करू" हे ठोस उत्तर नव्हे.

९. ज्याला सांगतो तो "मस्त आहे" म्हणतो. मग विक्री का होत नाही?

कारण तुम्ही मत विचारलंत. माणसं तोंडदेखलं कौतुक करतात, त्यात त्यांचं काही जात नाही. पुढे काय कराल हे विचारू नका, मागे काय केलंत ते विचारा. "असं ॲप आलं तर घ्याल का?" ऐवजी "गेल्या वेळी हे काम कसं केलंत? किती वेळ गेला? त्यावर काही उपाय शोधला होता का?" अशी विचारणा करा. शेवटच्या प्रश्नाला "नाही, कधी शोधलं नाही" असं उत्तर आलं, तर ते दुखणं पैसे खर्च करण्याइतकं मोठं नाही.

आणखी एक पथ्य: बोलणं संपत येईपर्यंत स्वतःची आयडिया सांगायचीच नाही. एकदा सांगितली की समोरचा तुमचं मन राखायला लागतो. घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना तर विचारूच नका. त्यांचं कौतुकही उपयोगाचं नाही आणि काळजीही.

१०. काहीही न बनवता आयडिया तपासता येते का?

येते, आणि आधी तेच करावं. तीन तऱ्हा सांगतो.

काम पडद्यामागे हाताने करायचं, ही पहिली. झॅपोस सुरू करताना, १९९९ च्या सुमारास, निक स्विनमर्न यांनी दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. मागणी आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवायचे. प्रत्येक विक्रीत पदरमोड, पण लोक पायात न घालता बूट मागवतात का, याचं उत्तर मिळालं.

दुसरी, फक्त वेबसाइटचं एक पान. सोशल मीडियावरच्या पोस्ट आधीच ठरवून ठेवू देणाऱ्या बफर या सेवेचे जोएल गॅस्कॉइन यांनी २०१० मध्ये आधी एक माहितीचं पान केलं. लोक ईमेल देतात हे दिसल्यावर मध्ये दरांचं पान घातलं, म्हणजे पैसे द्यायची तयारी असलेले किती ते कळावं. सेवा तोवर बनलेली नव्हती.

तिसरी, व्हिडिओ. फाइली सगळ्या उपकरणांवर आपोआप सारख्या ठेवणारी ड्रॉपबॉक्ससारखी गोष्ट हाताने करून दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून २००८ मध्ये कंपनीने छोटं प्रात्यक्षिक चित्रित करून टाकलं. प्रतीक्षा यादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली.

पान दाखवून आगाऊ पैसे घेणार असाल, तर वस्तू अजून तयार नाही हे स्पष्ट लिहा आणि पैसे परत करायची सोय ठेवा. आरोग्य, औषधं, लोकांची बचत अशा विषयांत मात्र "आधी करून बघू" चालत नाही. तिथे परवान्याची चौकशी आधी.

११. पानावर (प्रश्न १०) ४० जण आले, एकानेही नोंदणी केली नाही. आयडिया मेली का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. संख्याशास्त्रात एक ढोबळ हिशेब आहे: एकही होकार आला नसेल, तर ३ ला आलेल्या माणसांच्या संख्येने भागा. खरा दर शून्यापासून त्या आकड्यापर्यंत कुठेही असू शकतो. ३ भागिले ४० म्हणजे साडेसात टक्के, आणि अनेक चांगल्या पानांचा दर त्याच्या आतच असतो. ३०० जण येऊनही शून्यच राहिलं, तर वरची मर्यादा एक टक्क्यावर येते. तेव्हा काळजी करा.

त्याआधी आलेले ४० कोण होते ते बघा. नातेवाइकांच्या गटात लिंक टाकली असेल, तर फोटोग्राफरच्या अडचणीबद्दल (प्रश्न ३) त्या आकड्यातून काहीच कळणार नाही.

१२. आयडिया कोणी चोरली तर? गोपनीयतेचा करार करून घेऊ?

नुसत्या आयडियेला कॉपीराइट मिळत नाही. ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या ९ व्या कलमातच म्हटलंय, की संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पनेला नाही. संभाव्य ग्राहकापुढे करार ठेवलात तर तो बोलायचाच बंद होईल, आणि बहुतेक गुंतवणूकदार पहिल्या भेटीत सही करत नाहीत. ग्राहकाची अडचण मोकळेपणाने बोला. ती सोडवण्याचं खास तंत्र, कोड आणि ग्राहकांची यादी स्वतःकडे ठेवा.

अपवाद पेटंटचा. तुमच्याकडे खरोखर नवा तांत्रिक शोध असेल, तर अर्ज करण्याआधी तो जाहीरपणे दाखवू नका. अनेक देशांत तेवढ्यानेच पेटंटचा हक्क जातो.

१३. मला कोडिंग येत नाही. भागीदार शोधू का?

इतक्यात नको. प्रश्न १० मधल्या पहिल्या दोन तऱ्हांना फारसं कोडिंग लागत नाही. फॉर्म, स्प्रेडशीट आणि पैसे घेण्याची लिंक यांवर पहिले दहा ग्राहक सांभाळता येतात. दहा ग्राहक दाखवून भागीदार शोधणं सोपं जातं. नुसती आयडिया दाखवून अर्धा हिस्सा देऊ करणाऱ्याची चांगल्या प्रोग्रामरकडे रांग असते.

१४. मासिक सबस्क्रिप्शन ठेवलं की कमाई पक्की, बरोबर ना?

अडचण दर महिन्याला येत असेल तरच. दरमहा ५ टक्के ग्राहक गळत असतील, तर आजच्या १०० पैकी वर्षाअखेर साधारण ५४ उरतात. गळती १० टक्के असेल तर २८. गेलेल्यांची जागा भरायलाच तुमची सगळी धावपळ खर्च होते.

घर बदलणं, अभ्यासक्रमाला प्रवेश घेणं या क्वचित येणाऱ्या अडचणी आहेत. तिथे एकरकमी पैसे घ्या. फोटोग्राफरला (प्रश्न ३) दर कामामागे तोच त्रास होतो, पण त्याचे काही महिने रिकामे जातात. म्हणून तिथे महिन्याऐवजी कामागणिक दर लावणं शहाणपणाचं.

१५. देणारे आणि घेणारे यांना जोडणारा प्लॅटफॉर्म काढायचाय. देणारे नाहीत म्हणून घेणारे येत नाहीत, आणि उलटही. काय करू?

हा सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात अवघड प्रकार. मेळ बसवायचे दोन मार्ग अनुभवाने सिद्ध आहेत. एक, क्षेत्र इतकं आखडून घ्यायचं की दोन्ही बाजू हाताने भरता येतील: एकच कौशल्य, एकच प्रकारचा ग्राहक. दुसरा, एका बाजूला असं साधन द्यायचं की समोरची बाजू नसतानाही ते कामाचं ठरेल. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ओपनटेबलने रेस्टॉरंटना आधी टेबलांच्या आरक्षणाची व्यवस्था सांभाळायची प्रणाली दिली. ती रेस्टॉरंटच्या रोजच्या वापरात आल्यावर पाहुण्यांना ऑनलाइन आरक्षण देणं शक्य झालं.

दोन्ही मार्ग लागू होत नसतील, तर मी ही आयडिया पहिली म्हणून घेणार नाही.

१६. माझी आयडिया पूर्णपणे एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर चालते. धोका आहे का?

आहे. मीरकॅट हे थेट प्रक्षेपणाचं ॲप मार्च २०१५ मध्ये गाजत होतं. ते ट्विटरवरच्या ओळखींच्या जाळ्यावर बेतलेलं होतं. ट्विटरने ते जाळं वापरू देणं बंद केलं आणि त्याच महिन्यात स्वतःचं पेरिस्कोप आणलं. सुरुवातीला दुसऱ्याच्या अंगणात खेळायला हरकत नाही, ग्राहक तिथेच असतात. फक्त पहिल्या दिवसापासून ग्राहकांचे ईमेल त्यांच्या संमतीने स्वतःकडे जमवा.

१७. तीन आयडिया चांगल्या वाटतात. कोणती निवडू?

जिच्या दहा संभाव्य ग्राहकांशी तुम्ही याच आठवड्यात बोलू शकता ती. नावं लिहायला बसा. यादी चारवर अडली तर ती आयडिया तूर्त मागे ठेवा, बाजार कितीही मोठा असो.

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये ऑनलाइन विकता येतील अशा साधारण वीस वस्तूंची यादी केली आणि पुस्तकं निवडली. पुस्तकांचे प्रकार इतके, की कुठल्याच दुकानात सगळे मावत नाहीत. शिवाय एकच पुस्तक कुठूनही घेतलं तरी सारखंच, म्हणजे न पाहता मागवायला भीती नाही. आवड त्यांनी निकष म्हणून वापरली नाही. तुम्ही वापरा, पण बरोबरी झाल्यावर.

१८. काम सुरू केल्यावर आयडिया बदलावीशी वाटली तर?

बदला, पण ग्राहकांच्या वागण्यावरून, कंटाळ्यावरून नको. २०१० मध्ये बर्बन नावाच्या ॲपमध्ये बऱ्याच सोयी होत्या. लोक फोटो टाकण्यापुरतंच ते वापरत होते, म्हणून बाकी सगळं काढलं आणि इन्स्टाग्राम झालं. ग्लिच हा ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद झाला. तो बनवताना टीमने आपसांत बोलायला रचलेलं साधन पुढे स्लॅक झालं. दोन्हीकडे वापरात आलेला एक तुकडा आधीच हातात होता. तसा तुकडा दिसत नसेल, तर ती नवी आयडिया समजा आणि प्रश्न ९ पासून पुन्हा सुरू करा.

१९. नोकरी करताना सुचलेली आयडिया माझी की कंपनीची?

नेमणुकीचा करार काढून वाचा. तुम्ही नोकरीत असताना बनवलेलं सगळं कंपनीचं, असं कलम अनेक करारांत असतं. काही ठिकाणी ते कंपनीच्या कामाशी संबंधित गोष्टींपुरतं असतं, काही ठिकाणी सरसकट. नोकरी सोडल्यावर स्पर्धा न करण्याचं कलम कितपत टिकतं, हे देशागणिक बदलतं.

करार काहीही म्हणो, ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसची वेळ, ऑफिसचा ईमेल आणि तिथल्या ग्राहकांची माहिती यांना हात लावू नका. कलम सरसकट असेल तर वकिलाला दाखवा आणि कंपनीकडून लेखी परवानगी मागा. तोंडी "हो, कर की" पुढे उपयोगाला येत नाही, कारण हो म्हणणारा साहेब तोवर दुसरीकडे गेलेला असतो. आणि गुंतवणूकदार आला, तर उत्पादनाची मालकी कोणाची याचे कागद तो मागणारच.